मोरीतल्या मुंग्या

आमलीतल्या आमच्या चाळीत चिंधाभाऊंइतकं तिखट खाणारा माणूस दुसरा झाला नाही. शिरपूरकडचे, राखोलीला सुताच्या कंपनीत मशीनवर. ड्यूटीवरून आले की हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कळण्याची भाकर. पेढा पुढे केला तर असं तोंड करायचे की देणाऱ्यालाच ओशाळं वाटावं. त्यांची बायको केसरबाई आणि मी शेजारणी, मोरी एकच, म्हणून मला सगळं ठाऊक.

एकोणनव्वद साली त्यांना कावीळ झाली आणि डोळ्यांचा पिवळेपणा काही पुरता जाईना. रक्त तपासलं तर हिपॅटायटिस बी, तोही मुरलेला. झालं! केसरबाईनं घरातलं तेल, हळद, मिरची बंद केली. काविळीला गोड द्यावं असं आम्ही सगळेच मानत होतो. मग उसाचा रस, खडीसाखर, वर ग्लुकोजचं पाणी. वर्षानुवर्षं हो! स्वतःही फिक्कंच खायची, खान्देशची असून. "त्यांच्यासमोर मी चमचमीत कशी खाऊ, लीलाबाई?" म्हणायची.

चिंधाभाऊ पायरीवर बसून डोळे मिटून पेला रिकामा करायचे. मी चिडवायचे, "काय भाऊ, एरंडेल का?"

"तिनं कालवलंय ना," ते हसून म्हणायचे, "मग प्यायलाच हवं."

चौऱ्याण्णवच्या सुमारास ते वाळत चालले. सारखं पाणी मागायचे, सारखं मोरीत जायचे. आणि मोरीत मुंग्या! फिनेल टाकून टाकून मी मेटाकुटीला आले. शेवटी त्यांना दवाखान्यात नेलं. केसरबाई डॉक्टरांना घाबरते म्हणून मीही सोबत गेले.

रिपोर्ट बघून डॉक्टर भडकलेच. साखर भलतीच वाढलेली. म्हणाले, लिव्हर असं आजारी असलं की अंगात इन्सुलिन असूनही शरीर त्याला दाद देत नाही, साखर रक्तातच साचते. हा रोग कदाचित तसाही जडला असता. "पण यांना एवढं गोड चारलं कोणी? खतपाणीच घातलंत की आजाराला!"

केसरबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "मी... ग्लुकोज..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"हिचं ग्लुकोज मी कधी प्यालोच नाही, साहेब," चिंधाभाऊ मधेच बोलले. "मोरीत ओतून द्यायचो. मुंग्या काय उगाच लागल्या? नाक्यावर जिलेबी खायचो. रोज. चोरून."

जिलेबी! आणि या माणसानं! मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मला सगळं कळलं. मुंग्या लघवीतल्या साखरेनं लागतात हे डॉक्टरांना काय ठाऊक नव्हतं? पण तेही गप्प बसले.

केसरबाई आधी रडली, मग जी पेटली! "माय वं! मी इथं जिभेला कुलूप लावून बसले आणि तुम्ही जिलेब्या हाणता?" दवाखान्यापासून चाळीपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. ते मान खाली घालून ऐकून घेत होते.

पुढे तीन वर्षं गोळ्या झाल्या, सुया झाल्या. ती रोज त्यांचे खिसे तपासायची. चाळीतली माणसं त्यांना जिलेबीवाले म्हणून हसायची. मला इतका राग यायचा, वाटायचं ओरडून सगळं सांगून टाकावं. पण सांगितलं असतं तर ती बाई जिवंत राहिली नसती. सत्त्याण्णवच्या थंडीत पोटात पाणी भरून चिंधाभाऊ गेले.

त्यानंतरची पहिली आखाजी आली. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात आणि विस्तवावर त्याच्यासाठी घास टाकतात. केसरबाईनं पुरणपोळी टाकली, आमरस टाकला, मग पुडीतून जिलेबी काढली. "घ्या, खा पोटभर. आता खिसे तपासणारं कोणी नाही," म्हणाली आणि हमसून हमसून रडली.

मी घरून वाटीत ठेचा नेला होता. चिमूटभर उचलला आणि विस्तवावर टाकला. घरभर ठसका उठला.

"काय करता, लीलाबाई!" खोकत खोकत केसरबाई ओरडली. "तिखट चालत नाही ना त्यांना!"

"आता चालतं," मी म्हटलं.