सोनईच्या उसातला रिडायरेक्ट

आधीच सांगते, बिघडलेल्या वेबसाइट दुरुस्त करणं हा माझा धंदा. प्रत्येक एररला कारण असतं, यावरच माझं पोट चालतं. भुताखेताच्या गोष्टी आजवर फक्त टिंगल करायला ऐकल्या... त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजही वाटतेय.

राहते संगमनेरला, माहेर सोनईचं. दिवाळीनंतर माझ्या सहा वर्षांच्या मनूला घेऊन माहेरी गेले होते. गावापासून चार किलोमीटरवर, उसाच्या पट्ट्यात, ओळखीच्या एका दादांची रोपांची नर्सरी आहे. त्यांची साइट उघडेना – 'टू मेनी रिडायरेक्ट्स', म्हणजे एका पत्त्यावरून दुसऱ्यावर नुसती पाठवापाठवी. भावाची स्कूटी घेतली, मनूला मागे बसवलं आणि गेले.

एरर अगदी साधा होता. साइट जिथे ठेवलेली असते त्या होस्टिंगमधला नियम म्हणत होता, पत्त्याला डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू लावून या. साइटला वरून जोडलेलं प्लगिन म्हणत होतं, ते काढून या. बिचारा ब्राउझर दोघांच्यात येरझाऱ्या घालून दमला होता. दादांची म्हातारी आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. तिला समजावून सांगितलं, तर हसायलाच लागली.

"म्हंजी चकवाच की गं! त्यो लागला की मानूस फिरून फिरून तितंच येतं. मंग चपला उलट्या पायात घालायच्या अन् गप बसून ऱ्हायचं. पर ह्यात चूक कुनाची?"

"चूक कुणाचीच नाही आजी. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर. फक्त दोन्हींतला एक पुसावा लागतो."

प्लगिनचा नियम पुसला, साइट उघडली. चहा घेऊन दुपारी साडेबाराला निघालो.

दोन्हीकडे डोक्याच्या वर गेलेला ऊस, मधून सरळ कच्चा रस्ता... फाटा एकही नाही. पाटावरची मोरी, म्हणजे छोटासा पूल लागला, मोरीच्या कडेला बाभूळ. पाच मिनिटांनी पुन्हा मोरी, पुन्हा बाभूळ. मोऱ्या काय, दोन असतील. तरी सवयीने तपासायला लागले. बाभळीला ओढणी बांधली, गाडीचा किलोमीटरचा आकडा बघून ठेवला. आकडा दोन किलोमीटरने वाढला आणि समोर तीच बाभूळ, माझीच ओढणी! मोबाईलला रेंज नाही. मनू रडायला लागली, "आई, घर का येत नाही?"

मग आजीचं ऐकलं. मोरीच्या कठड्यावर बसले आणि चपला उलट्या घातल्या. मनूच्या सँडलची बक्कलं फार घट्ट आहेत, तिला स्वतःला लागत नाहीत. मीच काढून उलट्या पायात घातल्या आणि तिला मांडीवर घेऊन बसले.

तेवढ्यात मागून स्कूटीचा आवाज आला. जीव भांड्यात पडला – कुणीतरी येतंय!

भावाचीच स्कूटी होती. पण मी आणलेली ती तर शेजारीच उभी होती... आणि समोरून जात होते मी. मागे मनू. त्या मनूने मान वळवून आमच्याकडे पाहिलं.

मी डोळे घट्ट मिटले. आवाज विरल्यावर मनूला मागे बसवून गाडी सुरू केली आणि पाचच मिनिटांत डांबरी रस्ता लागला.

दारात आई म्हणाली, "अगं, चपला उलट्या कशापायी घातल्यास?"

मी मनूच्या पायांकडे पाहिलं. सँडल सरळ होत्या. बक्कलं लावलेली.

"मनू, सँडल कधी बदलल्यास?"

"काढल्याच नाहीत."

"अगं, मोरीवर बसलो होतो तेव्हा..."

"आपण कुठे बसलो? गाडीवरच तर होतो. तिथे तुझ्यासारखी एक बाई बसली होती. तिच्या मांडीवरची मुलगी रडत होती."

मनू आता शाळेत जाते, हसते, जेवते. मी रोज रात्री तिला कुशीत घेते आणि मला झोप लागत नाही. कारण अजून सापडलेलं नाही. त्या रस्त्याला परत जायची हिंमतही होत नाही... मोरीवर एखादी मुलगी उलट्या सँडल घालून माझी वाट बघत बसलेली असली तर?