खांद्यावर निळं नव्हतं

पोलिसातली माझी लेक रायफलीचा सराव संपवून सुट्टीला आली. मी हळद गरम करून तिचा खांदा पाहिला, तर निळं कुठंच नव्हतं. तिचे वडील होमगार्डात होते. जुन्या बंदुकीचा सराव झाला की त्यांचा खांदा आठवडाभर काळानिळा असायचा.

ती हसली. "अगं आई, ती बंदूक सगळा दणका एकदम द्यायची. आमच्या रायफलीत गोळी सुटली की आतला एक जड भाग स्प्रिंग दाबत मागे सरकतो. म्हणून दणका हळूहळू पोचतो."

"म्हणजे कमी होतो?"

"तेवढाच असतो गं, पसरून येतो. तो भाग परत पुढे जाऊन बसतो ना, तेव्हाही एक बारीक हिसका बसतो."

हे गेले तेव्हा मी रडले नाही. तेरावं होताच धारा, शेण, भाकरी सुरू केलं. जाऊबाई म्हणाल्या, दगड आहे. लेकही तेव्हापासून माझ्याशी तुटकच बोलायची. आत काय सरकत होतं ते मलाही कळलं नव्हतं.

गरम केलेली हळद वाया कशाला घालवायची, म्हणून मी ती तिच्या खांद्याला लावली. त्यांच्या खांद्याला लावायचे तशीच, बोटांनी गोल गोल. मध्येच हात थांबला.

"काय झालं, आई?"

माझ्या डोळ्यांतलं पाणी तिच्या खांद्यावर पडलं. तिनं वळून पाहिलं आणि माझा हळदीचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.