नवसाचे केस

माझ्या धाकट्या भावाचं नाटकातलं आयुष्य तीन हंगामांचं. ते मी संपवलं. एवढं एक वाक्य लिहायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

आम्ही परंड्याचे. वडील तहसील कचेरीत कारकून. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर कचेरीतली उर्दू गेली, तेव्हा ते संध्याकाळी माझं शाळेचं पुस्तक घेऊन मराठी अक्षर गिरवत बसायचे. माझ्या पाठचे दोन भाऊ लहानपणीच गेले होते. तिसरा झाला तेव्हा आई देवीला नवस बोलली, हा जगू दे, सातव्या वर्षी तुळजापूरला येऊन त्याचे केस देईन. तोवर कात्री नाही. भाऊ जगला आणि सहाव्या वर्षी त्याची वेणी कमरेपर्यंत आली.

मामा एका फिरत्या नाटक कंपनीत पेटी वाजवायचे. त्या वर्षी कंपनीचा तंबू किल्ल्याजवळच्या मैदानात पडला आणि मामांनी मालकांना आमच्याकडं जेवायला आणलं. मालकांचं लक्ष जेवणापेक्षा भावाच्या वेणीकडंच. त्यांच्या खेळात सावत्र आई लेकराला केसांना धरून फरफटत नेते, असा एक प्रवेश होता. खोट्या केसांचा टोप घातलेल्या पोराला तसं ओढता येत नाही.

"बाई, केस खरे हायेत का?"

"देवीचे आहेत," आई म्हणाली.

"मग तर देवीनंच धाडलं म्हणा की!"

मामा सोबत असणार म्हणून वडील हो म्हणाले. भावाला धड वाचता येत नव्हतं. त्याची नक्कल, म्हणजे त्याच्या वाट्याची भाषणं, मी त्याच्याकडून घोकून घेतली. मी आधी म्हणायची, तो मागून. मालक ओट्यावर पान लावत ऐकत होते. म्हणाले, "पोरगी तर लई फर्मास बोलती. पण कारकुनाची लेक. तिचा काय उपयोग?" सगळे हसले. मला कुणी विचारणार नव्हतंच. पण त्या घडीपर्यंत मला वाटत होतं, विचारतील.

पुढच्या दोन हंगामांत तो बार्शीला गेला, लातूरला गेला. हँडबिलावर त्याचा फोटो आला. त्याला फरफटत नेताना बाया पदर तोंडाला लावून रडायच्या, असं मामा कौतुकानं सांगायचे. पावसाळ्यात तो घरी आला की आई त्याला पुढ्यात घेऊन शिकेकाई लावायची, तेल घालायची, एकेक बट सोडवत तासभर विंचरायची. माझ्या डोक्यात उवा झाल्या तर म्हणाली, "तुला हात नाहीत का?" सायीची वाटी त्याची. खिडकीजवळची जागा त्याची. त्याच सुमारास चौथीनंतर माझी शाळा सुटली. नवीन खेळाची नक्कल आली की मात्र, "अक्का, घे ना गं माझं पाठांतर." मी घ्यायची. वाईट वाटायचं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी जळत होते.

सातवं वर्ष उलटून गेलं तरी आई नवस पुढं ढकलत होती. "येत्या हंगामात पुण्याला खेळ लावतोय, एवढं होऊ द्या," असं मालकांनीच विनवलं होतं. आई मनातून घाबरलेली असायची, हे मला ठाऊक होतं. मी नेमकं तिथंच बोट ठेवलं.

दोन दिवस मी न्हाणीचं दार लावून सराव केला. तिसऱ्या दिवशी सकाळी आई सडा टाकत होती. मी दारात जाऊन उभी राहिले, हात थरथरू दिले. "आई, पिवळं लुगडं नेसलेली बाई आली होती स्वप्नात. म्हणाली, माझी ठेव मला कधी देता?"

आईच्या हातातली बादली खाली पडली. तिनं वडिलांना विचारलं नाही, मामांना निरोप धाडला नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही तुळजापूरला होतो. न्हाव्याचा वस्तरा फिरला तसा भाऊ हसायला लागला. "अक्का, डोक्याला गार लागतंय!"

हंगाम उघडला. मालकांनी कपाळावर हात मारला आणि टोप चढवून त्याला बार्शीला उभं केलं. सावत्र आईनं केस धरून ओढलं आणि टोप तिच्या हातात आला. रडायला बसलेला अख्खा तंबू हसला. मामा सांगत होते, "पोरानं तसंच उघड्या डोक्यानं पुढचं भाषण पुरं केलं. एक शब्द चुकला न्हाय." मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? पाठांतर माझं होतं, हे.

पुण्याला दुसरा मुलगा गेला. केस परत वाढेपर्यंत याचा आवाज फुटला. पुढं तो एसटीत कंडक्टर लागला. स्टँडवर "कुर्डुवाडीऽ" अशी हाक द्यायचा, ती शेवटच्या माणसापर्यंत पोचायची. लोक वळून बघायचे. मी त्या गाडीनं जायचं टाळायची.

गेल्या वर्षी आई गेली. भावानं रीतीप्रमाणं केस उतरवले. तेराव्याची पंगत उठल्यावर दुपारी आम्ही दोघंच ओट्यावर बसलो होतो. टोपी काढून डोक्यावरून हात फिरवत तो म्हणाला, "अक्का, तुळजापूरला लागलं होतं तसंच गार लागतंय बघ."

मी सगळं सांगून टाकलं.

त्याचा डोक्यावरचा हात खाली आला. मग म्हणाला, "म्हणजे देवीनं मागितलेच नव्हते?"

"नाही."

"आई शेवटपर्यंत म्हणायची, देवीनं मागून घेतले रे. मी त्याच्यावर दिवस काढले, अक्का."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानं हात वर केला. "करून दाखव."

"काय?"

"स्वप्न. तेव्हा केलंस तसं."

मी उठून दारात उभी राहिले. हात आपोआप थरथरले. सगळं म्हटलं. तो मान तिरकी करून बघत होता, तालमीत मालक बघत तसा.

"'माझी ठेव'च्या आधी जरा थांबायला पाहिजे होतंस," तो म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. आणि त्याचं बरोबर आहे याचा, या वयात, त्या दिवशीसुद्धा मला राग आला. मी पुन्हा म्हटलं, थांबून. त्यानं टोपी परत घालून कानापर्यंत ओढली आणि आत निघून गेला.