काकांचं क्रियापद आणि मी धरलेला फोन

कुणीही कधी न लिहिलेल्या शब्दासाठी निवृत्तीनंतरची सगळी वर्षं खर्ची घालणारा माणूस अख्ख्या काळाचौकीत एकच आहे, आणि तो नेमका आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. शब्द म्हणजे एक क्रियापद, ‘बेरनं’. अर्थ, उचलून वाहून नेणं. इंग्रजी, जर्मन वगैरे भाषांच्या खापरपणजीचं. तिने स्वतः काही लिहून ठेवलं नाही, म्हणून विद्वानांनी तिच्या लेकीनातींच्या बोलण्यावरून ते जुळवलं. अशा जुळवलेल्या शब्दाआधी एक चांदणी काढतात. काका ती चाळीच्या फळ्यावर, पाणीकपातीच्या सूचनेशेजारी काढत. समोरच्या वहिनींनी मला हटकलं, “काय रे, आता पाण्यालाही अटी लागू?” मासेवाली दारात आली की काका तिला आधी संस्कृत ‘भरति’शी असलेलं नातं समजावत. ती म्हणायची, “काका, डोक्यावरची पाटी उतरवू लागा, मग काय तो पाढा म्हणा.”

काकू गेल्या आणि मुलगी जर्मनीत स्थायिक झाली, तेव्हा तिच्याशी बोलायला काही विषय हवा म्हणून काकांनी जर्मन शिकायला घेतलं, आणि खणत खणत थेट तळाला पोचले. मुलगी मात्र फोनवर “जेवलात का?” एवढंच विचारी.

गेल्या गणपतीत मंडळाचा सांस्कृतिक प्रमुख मी. वेशभूषा स्पर्धा आणि लकी ड्रॉ यांच्या मधली पंधरा मिनिटं मी काकांना दिली. मुलगी व्हिडिओवर बघणार होती. “तेवढा फोन नीट धर,” काका म्हणाले. मी दोन्ही हातांनी धरला. समोर कुपनं सांभाळत बसलेले चौघे होते. त्यांच्यासमोर काका बोलत होते. फोनमधून मुलगी काहीतरी सांगत होती, पण स्पीकरच्या आवाजात मला वाटलं कौतुक करतेय. मीही मान डोलावली. कॅमेरा माझ्याकडे वळलेला आहे, हे मला भाषण संपल्यावर कळलं.

“पाहिलं ना तिने?” काकांनी उतरल्या उतरल्या विचारलं.

“सगळं,” मी म्हणालो. “डोळे पुसत होती.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चहाला बोलावलं. “तिचा फोन आला होता. पंधरा मिनिटं तूच दिसलास म्हणे. दोनदा जांभई दिलीस.”

मी चहा बशीत ओतू लागलो.

“आवाज पोचला नाही तिला. गोंगाट फार होता.” काका म्हणाले. “तू होतास ना शेवटपर्यंत? तुला ऐकू आलं?”

“आलं, काका. सगळं.” हे मात्र खरं होतं.

काका उठले, काकूंच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून जमिनीवर ठेवली आणि ती खुर्ची माझ्याकडे सरकवली.