परत न गेलेल्या करंड्या

आंब्याची करंडी दारात आली की ते प्रकरण मला अजूनही आठवतं. लाचलुचपत प्रतिबंधक पथकात मी तेव्हा पोलीस निरीक्षक होतो.

तक्रारदार श्रीवर्धनकडच्या एक बागायतदार बाई. त्यांचा हापूस समुद्रमार्गे आखातात जायचा होता. रोगकीड नसल्याचा दाखला असल्याशिवाय माल जहाजावर चढत नाही, आणि दाखला देणारा तपासणी अधिकारी रोज नवी त्रुटी काढत होता. आंबा काही पिकायचा थांबत नाही. जहाज चुकलं असतं तर हंगाम गेला असता.

"पैसे मागितले त्यांनी?" मी विचारलं.

"नाही साहेब. म्हणाले, ताई, यंदाचा वानवळा नाही आला. म्हणजे करंडीत आंब्यांखाली पाकीट. बागायतदारांना ते सांगावं लागत नाही."

घरच्या पिकातून प्रेमाने पाठवलेल्या भेटीचं नाव त्याने लाचेला दिलं होतं.

पंचांसमक्ष पडताळणी केली. ध्वनिमुद्रणात तोच शब्द आला, रक्कम नाही. सापळा लावला, पाकिटाला पावडर लावली; हाताला ती लागली असेल, तर तपासणीच्या द्रावणाचा रंग गुलाबी होतो. पण अधिकाऱ्याने करंडीला हातच लावला नाही. त्याने मानेने खूण केली आणि शिपायाने ती त्याच्या गाडीत ठेवली. ताब्यात घेऊन हात द्रावणात धुतले, तर पाण्याचा रंग बदलला नाही.

चौकशीत मी आधी चहा देतो. घाबरलेला माणूस कप तसाच ठेवतो. याने पूर्ण प्यायला.

"आंबे आले, घेतले. खाली काय होतं ते मला काय माहीत? साहेब, तुम्ही कोकणातलेच ना? वानवळा कोणी नाकारतं का?"

यापलीकडे तो सरकेना. त्याच्या खात्यानेही पुरावा दिसेपर्यंत दुसरा अधिकारी पाठवायला टाळाटाळ केली. बाई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. तो सुटला असता, तर त्यांचा माल पुन्हा कधी वेळेवर निघाला नसता.

नियमाप्रमाणे घरझडती घेतली. रोकड सापडली नाही. पोटमाळ्यावर मात्र रिकाम्या करंड्यांची चळत होती.

"वहिनी, एवढ्या कशाला ठेवल्यात?" मी त्याच्या पत्नीला विचारलं.

"मग काय करू? लोकांची करंडी रिकामी परत पाठवतात का? मूठभर साखर तरी घालावी लागते. पण हे म्हणतात, तिकडे काही म्हणजे काही पाठवायचं नाही. मग राहिल्या इथेच."

प्रत्येक करंडीवर बागेची रंगाची खूण होती. गोदामात माल मिसळू नये म्हणून बागायतदार ती करतात. पंचनामा केला आणि खुणांवरून बागा शोधल्या. सुरुवातीला कोणी बोलेना.

"करंडी माझीच हाय," एक म्हातारे बागायतदार म्हणाले. "पन् जबाब न्हाय देनार. माझा बी माल त्याच्याच हाताखालनं जातो."

"त्या ताईंनी दिलाय. त्यांचा माल अजून गोदामातच आहे."

त्यांनी हातातला कोयता खाली ठेवला. "ती बोलली व्हय? मग लिवा."

त्यांच्यानंतर बाकीचेही बोलले. एकमेकांना न भेटता दिलेल्या त्या जबाबांत मागण्याची पद्धत एकच होती: आधी त्रुटी, मग वानवळ्याची आठवण, मग दाखला. मी ते करंड्यांच्या पंचनाम्यासह आरोपीसमोर ठेवले. दुसऱ्या जबाबाच्या पुढे त्याने वाचलं नाही.

"बायकोने करंड्या ठेवल्या होत्या?" एवढंच त्याने विचारलं. नंतर पाणी मागितलं, आणि बोलायला लागला.

त्याच संध्याकाळी खात्याने दुसरा अधिकारी पाठवला. मालात एकही त्रुटी निघाली नाही. एक करंडी मुद्देमालात राहिली, बाकी सगळा हापूस वेळेत जहाजावर चढला. पुढे शिक्षा झाली आणि अपिलातही टिकली. माझ्या नोकरीतल्या मोजक्या कामांचा मला अभिमान आहे. त्यांत हे एक.

लाच मागणारा एखाद्या चांगल्या रिवाजाचा आडोसा घेतो, हे मी त्या प्रकरणात शिकलो. तो रिवाज तपास करणाऱ्याला पुरता माहीत असावा लागतो, कारण लाचखोर त्यातला घेण्याचा भागच पाळतो.

नोकरीत असेपर्यंत त्या बाईंचे आंबे मी घेतले नाहीत. निवृत्तीनंतरच्या पहिल्या हंगामात त्यांची करंडी घरी आली. सवयीने मी पेंढ्याखाली हात घालून पाहिला. तिथे फक्त आंबे होते. आमच्या घरून ती करंडी नारळ भरून परत गेली.