काचेच्या आतला पंजा

मी असल्या गोष्टी मानत नाही. भुताखेतांविरुद्धची पत्रकं रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर मी शाळेत असल्यापासून वाटलीयत. तरी हे लिहितेय, कारण राग गिळवत नाही.

आमचं गाड्यांच्या काचांना फिल्म लावायचं दुकान आहे. गेल्या वर्षी एका आंबा बागायतदाराच्या गाडीला मी काळीकुट्ट फिल्म लावली. नियमात बसत नव्हती, माहीत होतं... तरी लावली. फिल्म काचेला आतून चिकटवतात. त्याआधी काच मी साबणाच्या पाण्याने धुऊन, ब्लेडने खरवडून लख्ख केली होती.

महिन्यापूर्वी बंदराच्या रस्त्यावर एका काळ्या काचांच्या गाडीचं चाक सुमनकाकूच्या पायावर चढलं. काकू आमच्या दारावर मासे घेऊन येते. ती ड्रायव्हरच्या काचेवर थापा मारत ओरडत होती... गाडी निघून गेली. काकूचं पाऊल कापावं लागलं. आत कोण होतं, कुणालाच दिसलं नाही.

चार दिवसांनी बागायतदार दुकानात हजर.

"फिल्म काढ गो पटकन. चेकिंग वाढलंय."

"काकूच्या पायावर गेली ती हीच ना?"

"छे! गाडी त्या दिवशी खेडला होती."

ड्रायव्हरकडची काच गरम करून मी फिल्म सोलली. फिल्मखाली, काचेच्या आतल्या बाजूला, अख्खा पंजा उमटलेला. करंगळी अर्धीच. मासे कापताना सुमनकाकूची करंगळी तुटलीय, हे आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. साबण लावला, ब्लेड फिरवलं — ठसा हलेना!

त्याचा चेहरा पांढराफटक. "वरून दुसरी लाव. याच्याहून काळी."

"नाही लावणार." मी फोटो काढला. तो गाडी घेऊन पळाला. दुसऱ्या दिवशी काचच नवी!

फोटो घेऊन चौकीत गेले. तिथले साहेब हसले. "ताई, ठसा आतून आहे. रस्त्यावरची बाई बंद काचेच्या आत हात घालेल कसा?"

म्हणजे बाहेरून मारलेल्या थापा दिसत नाहीत, आणि आत उमटल्या तर पुरावा होत नाही!

काकूला फोटो दाखवला. तिने शेजारी आपला हात धरला. "माझोच." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "आणि ती काळी फिल्म कोणी लावलेली गो?"

"मी."

तिने फोन परत दिला आणि तोंड भिंतीकडे केलं.

पंजा आत कसा गेला, मला आजही सांगता येत नाही. खेडला असलेल्या गाडीची काच का बदलली, ते त्याला विचारा. आणि फिल्म का लावली, ते मला.