टॉवेलाखालची बोटं

घोडेगावच्या बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून मी बैलांचे सौदे करायचो. अर्धांगाच्या झटक्याने उजव्या हाताची बोटंच लुळी पडली. व्यायाम म्हणून डॉक्टरांनी व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरवर बटनं दाबत खेळायला सांगितलं. कुठल्याही गेमला चालतो असं खोटं सांगून नगरच्या दुकानदाराने तो गळ्यात मारला. मुलीचा गाड्यांचा जुना गेम फक्त कीबोर्ड ओळखत होता.

सोनईतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यावर मी त्या दुकानदाराचा राग काढला. माझ्या हातावर टॉवेल टाकून त्याने खालून आपला हात दिला.

"दाबा, शेठ. सौदा हाय समजा."

दाबताना घाम फुटला.

"दोन बोटं लागली. तिसरं न्हाई."

कीबोर्डच्या गाडी पळवायच्या कळा त्याने त्या दोन बोटांच्या बटनांना जोडल्या. पडद्यावरची गाडी सुसाट सुटली.

"अन् ब्रेक?" मी घाबरून विचारलं.

"तो तिसऱ्या बोटाला ठेवलाय."